परीक्षा कोणाची?

हल्ली एक शब्द फार कानावर येतो. टेस्टिंग. मृगाचा पाऊस पडला आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यांना पहिलं पाणी आलं, की रविवारी सकाळी मोठाल्या चाकांच्या चार-पाच जीपगाड्या यावलमधून डोंगराच्या दिशेने निघतात. "कुठे रे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "काही नाही सर, नवे टायर टाकले. जरा टेस्टिंग करून येतो."

'सर' म्हणतात कारण यातली बरीच मुलं माझ्या वर्गात बसलेली आहेत. मुलं वाईट नाहीत. कुणी केळीत कमावलं, कुणी व्यापारात. आपल्या पैशाने थार घेतली तर माझ्या पोटात दुखायचं काही कारण नाही. मला आक्षेप आहे तो त्या शब्दाला, आणि त्या शब्दाच्या आडोशाला जे चालतं त्याला.

जन्मभर पेपर काढले आणि तपासले. बाकी काही कळो न कळो, परीक्षा कशाला म्हणतात एवढं मला कळतं. परीक्षेत आधी प्रश्न असतो. मग मोजमाप असतं, नोंद असते, निकाल असतो, आणि त्या निकालाचा पुढे काही उपयोग असतो. रविवारी नाल्यात जे चालतं त्यात यातलं एकही नसतं. गाडी चिखलात घालायची, चाकं फिरवायची, चिखल उडवायचा, कुणीतरी मोबाईलवर चित्रण करायचं, अडकली तर दुसऱ्या गाडीने ओढून काढायची. ही मौज झाली. मौजेला मौज म्हणा, माझी हरकत नाही. तिला परीक्षा म्हणू नका. कारण याच डोंगरात दर पावसाळ्यात एक खरी परीक्षा होते, आणि तिथे ही मोठी चाकं गैरहजर असतात. आज जरा स्पष्ट लिहिणार आहे. कुणाला राग आला तर येवो.

आधी चाकाचंच बोलू.

आमच्याकडे सुतार बैलगाडीचं चाक घडवायचे तेव्हा ते उंच आणि अरुंद असायचं. मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे, वर पुठ्ठे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. उंच अशासाठी की खड्डा आणि दगड सहज ओलांडता यावा. अरुंद चालत असे, कारण त्या चाकाला फक्त फिरायचं होतं, ओढायचं काम बैलांचं. पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या, त्यांना लोक 'डनलप'च म्हणू लागले. बैलांना हलकं झालं. पण तिथेही ओढणारे खूर बैलाचेच.

मोटारीचं तसं नाही. तिथे भार पेलणारं चाकच जमीन धरून गाडीला पुढे ढकलतं. या धरण्याला ही मंडळी 'ट्रॅक्शन' म्हणतात. आपण पकड म्हणू. सगळा खेळ या पकडीचा आहे. इंजिनात कितीही ताकद असो, चाकाने जमीन धरली नाही तर ती ताकद चिखल उडवण्यात जाते.

आता जरा मागे जाऊन बघा. दुसऱ्या महायुद्धात नावाजलेली विलीस जीप, जिची जोडणी स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत सुरू केली, तिचं इंजिन होतं ६० अश्वशक्तीचं. टायर सहा इंच रुंदीचे, रिम १६ इंचाची. आजच्या मुलांना दाखवले तर हसतील. पण त्या चाकांवर ती जीप वाळवंटातून गेली, चिखलातून गेली, डोंगर चढली. कशाच्या जोरावर? वजन कमी, जोर चारही चाकांना, आणि सोबत हळू पण भक्कम ओढणारा लो गिअर. तिची नातवंडं म्हणजे आजची थार. २ ऑक्टोबर २०२० ला तिचं नवं रूप बाजारात आलं, आणि ती बनते आपल्या नाशिकला. डिझेल इंजिन १३० अश्वशक्तीचं, म्हणजे आजोबांच्या दुपटीहून जास्त. लो गिअर आहे. वरच्या प्रकारात मागच्या आसाचा डिफरन्शियल कंपनीच लॉक करून देते. शिवाय फुकट फिरणाऱ्या चाकाला ब्रेकने धरून ठेवणारी व्यवस्था आहे. एवढं सगळं कारखान्यातून मिळत असताना पहिल्या महिन्यात टायर बदलायची घाई कशाला?

"सर, उंची मिळते ना!" एकाने मला समजावलं. गणित माझा विषय नव्हता, पण हे गणित सातवीतल्या पोरालाही येईल. थारच्या वरच्या प्रकाराला २५५/६५ आर १८ हे टायर येतात. म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १८ इंची. बेरीज केली तर टायरची उभी उंची ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच. त्याजागी ३३ इंची टायर टाकला. किती उंची मिळाली? दोन इंच नव्हे. आस चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून गाडी उचलली जाते ती निम्मी. एक इंच. कंपनीने दिलेलं जमिनीपासूनचं अंतर २२६ मिलिमीटर आहे, ते झालं २५१. लाखाच्या पुढे खर्च करून एक इंच.

आणि त्या इंचाची किंमत काय द्यावी लागते तेही ऐका. चाकाचा घेर सहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे प्रत्येक गिअरमधली ओढ तेवढीच कमी झाली. ज्या चढासाठी टायर घेतले, त्याच चढावर इंजिन लवकर दमणार. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ने पळत असते. चाक जड झालं, म्हणून ब्रेकला ते थांबवायला जास्त जोर लागतो. गाडीचा तोल वर सरकला. डोंगरात ठीक म्हणा, पण ही गाडी आठवड्याचे सहा दिवस अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर शाळेच्या मुलांच्या आणि केळीच्या ट्रकच्या गर्दीत चालते त्याचं काय?

गंमत अशी की जानेवारी २०२३ पासून थार दोन चाकी जोराचीही मिळते. स्वस्त पडते म्हणून घेणारेही पुष्कळ. त्या गाडीच्या पुढच्या चाकांना जोरच नसतो. तिलाही हौसेने मोठे टायर चढवले जातात. म्हणजे परीक्षेला बसणाऱ्याने अभ्यास सोडून नुसता उंच टाचेचा बूट घालून यावं तसं झालं!

बरं, आपली माती कोणती? तापीकाठची काळी. कोरडी असली की भेगा पडते, भिजली की फुगते. पावसात शेतात चार पावलं टाकून बघा, प्रत्येक पायाला शेर-दोन शेर चिखल चिकटतो आणि पाय उचलवत नाही. टायरचंही तेच होतं. खोल नक्षीचा महागडा टायर असला तरी दोन फेऱ्यांत त्या खाचा मातीने लिंपून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. मग तो ३१ इंची काय आणि ३३ इंची काय.

हे आमच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. ट्रॅक्टर रुतला की तो आधी चाकं फिरवायचं थांबवतो. दोन्ही चाकांपैकी एकच फुकट फिरतंय का ते बघतो. डिफरन्शियलची खोडच ती. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं म्हणून तो दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतो, पण एक चाक घसरलं की सगळं फिरणं त्या घसरलेल्याच चाकाकडे जातं आणि टणक जमिनीवरचं चाक नुसतं उभं राहतं. शेतकरी टाचेने लॉकचा पायडल दाबतो, दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात, गाडी निघते. नाही निघाली तर चाकाखाली पऱ्हाट्या टाकतो, तुराट्या टाकतो, पोतं टाकतो. मागच्या टायरात पाणी भरून वजन वाढवतो. आणि सर्वांत मोठी अक्कल म्हणजे वाफसा होईपर्यंत तो शेतात ट्रॅक्टर घालतच नाही. ओल्या रानावर चाक फिरलं की जमीन दाबली जाते आणि पुढच्या पिकाची मुळं बोंबलतात, हे त्याला ठाऊक असतं.

जीपवाल्यांसाठीही फुकटचा उपाय आहे. ३२ ची हवा १८-२० वर आणायची. टायर जरा बसतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो, पकड वाढते. डांबरावर आलं की परत भरायची. त्यासाठी एक छोटा पंप पुरतो. पण हवा कमी केलेली चित्रात दिसत नाही ना! तेहतीस इंच दिसतात.

आता खरी परीक्षा कशी असते ते बघू. फार लांब जायला नको. अहिल्यानगरला (पूर्वीचं अहमदनगर) संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था आहे. पुण्याला १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय आहे. गाड्या तपासणं हे त्यांचं काम. तिथे अमुक उताराचा चढ बांधलेला असतो. त्याच चढावर तीच गाडी, तेवढंच वजन ठेवून चढवतात. एका वेळी एकच गोष्ट बदलतात आणि आकडा लिहून ठेवतात. महिंद्रनेही इगतपुरीजवळ अवघड जागी गाडी कशी चालवावी हे शिकवण्यासाठी वेगळी जागा उभी केली होती. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा सुरू झाली. तिथे ठरलेले टप्पे, घड्याळ, पंच असं सगळं असतं. हा खेळ कुणाला आवडेल, कुणाला नाही. पण त्याला आखलेलं मैदान आहे. आमच्या पोरांचं मैदान कोणतं? मोर नदीचं पात्र, सुकीचं पात्र, आणि ज्या ज्या नाल्याला पाणी असेल तो.

"ओसाड नाला आहे सर, कुणाचं काय जातंय?" हा सगळ्यात आवडता सवाल.

नाला ओसाड नसतो. सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा आणि वाळूचा जो पट्टा आहे, ज्याला भूजलवाले 'बझाडा' म्हणतात, तोच यावल आणि रावेर तालुक्यांची पाण्याची तोटी आहे. डोंगरावरून आलेलं पाणी तिथे जमिनीत उतरतं आणि खाली केळीच्या मळ्यांना मिळतं. भूजल इतकं खोल गेलंय की तापी खोऱ्यात मेगा रिचार्ज करण्यासाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी करार केला. एकीकडे पाणी मुरवायला दोन राज्यं सही करतात, आणि दुसरीकडे त्याच पात्रात आम्ही चाकं गरागरा फिरवून काठ फोडतो. काठाची माती पात्रात येते, बारीक गाळ गोट्यांच्या फटींत जाऊन बसतो, चाकोरीची ओघळ होते आणि पुढच्या पावसात तिथून माती वाहून जाते. उगाच अतिशयोक्ती करत नाही. यावलच्या विहिरी जीपगाड्यांनी आटवलेल्या नाहीत, त्या बोअरवेलांनी आटवल्या. पण ज्या जागेची दुखापत भरून काढायला सरकार पैसे ओतणार, तिथे मौजेखातर आणखी ओरखडे काढायचा हक्क कुणी दिला?

आणि थोडं वर गेलं की यावल अभयारण्य लागतं. १९६९ साली जाहीर झालेलं, पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या आसपासचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २७ व्या कलमाने तिथे बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय जाता येत नाही. परवाना कशासाठी मिळतो याची यादी २८ व्या कलमात आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, तिथे राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार वगैरे. टायर तपासणं त्या यादीत नाही. मी पुन्हा पुन्हा वाचून बघितलं.

गाडीबद्दलचा कायदाही काही मुका नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मुलांना वाटतं टायर म्हणजे चपला, पायात कुठल्याही घाला. कंपनीने मान्य केलेल्या मापात बदला, कुणी अडवणार नाही. मापाबाहेर गेलात आणि उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी पहिलं बोट कशावर ठेवेल याचा विचार करून ठेवा.

ही हौस काही यावलपुरती नाही. एप्रिल २०२२ मध्ये लडाखमध्ये पँगाँग सरोवरात काही जणांनी मोटार घातली आणि देशभर संताप झाला. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलातल्या लाहौलमध्ये वाहतुकीची कोंडी चुकवायला एकाने थार सरळ चंद्रा नदीत घातली. पाणी कमी होतं म्हणून निभावलं, पोलिसांनी दंड केला. आमच्या नाल्यांत ते निभावेलच असं नाही. वर मध्य प्रदेशच्या बाजूला डोंगरात पाऊस कोसळतो, खाली आपल्याकडे ऊन पडलेलं असतं आणि अचानक लोंढा येतो. थारला ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येतं असं कंपनी सांगते. ते पाणी उसळत येणारं नसतं. आणि मोठ्या टायरात हवा जास्त असल्यामुळे वाहत्या पाण्यात गाडी उलट लवकर तरंगू लागते, हे टायर विकणारा सांगत नाही.

आता त्यांच्या बाजूचा एक मुद्दा मी स्वतःहून मांडतो, कारण तो खरा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा तिथल्या जीप क्लबांच्या मुलांनी आपल्या उंच गाड्या पाण्यात घालून माणसं बाहेर काढली. तिथल्या कोळी बांधवांनी होड्या घेऊन जे केलं त्याच्या जोडीला हेही झालं. त्या दिवशी त्या मोठ्या चाकांची परीक्षा झाली आणि ती पासही झाली. तिथे प्रश्न होता की छतावर माणूस आहे, त्याच्यापर्यंत पोचता येतं का? मला याच प्रकारचा प्रश्न आमच्या पोरांसमोर ठेवायचा आहे. पुराची वाट बघायला नको. सातपुड्यात तो प्रश्न दर जुलैत उभा असतो.

लंगडा आंबा, जामन्या, गाडऱ्या ही नावं यावलकरांना माहीत आहेत. पावरा, भिल्ल, तडवी मंडळींच्या अशा कितीतरी वस्त्या आणि पाडे या डोंगररांगेत आहेत. आमच्या जळगावपासून थेट नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत. बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, तर बांबूला कापडाची झोळी बांधायची, आजाऱ्याला त्यात घालायचं आणि चार जणांनी खांदे देत, नाले ओलांडत डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं. नंदुरबारच्या डोंगरातली अशी छायाचित्रं वर्तमानपत्रांत किती वेळा छापून आली! १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे. ती चांगली सोय आहे, तिने असंख्य जीव वाचवले. पण ती लांबुळकी व्हॅन, डांबर संपलं की तिचंही बळ संपतं. शेवटचे चार-सहा किलोमीटर झोळीचेच. आणि जिवाचं जे व्हायचं ते त्याच चार-सहा किलोमीटरांत होतं.

म्हणजे बघा. एका बाजूला चारही चाकांना जोर, लो गिअर, डिफरन्शियल लॉक हे सगळं असलेली गाडी रविवारी पोचायचं कुठेच नसताना चिखलात शिरते. दुसऱ्या बाजूला त्याच डोंगरात, त्याच पावसात, जिला पोचायलाच हवं ती गाडी डांबराच्या टोकाशी थांबते. यंत्र आपल्याकडे आहे. थार नाशिकला बनते. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा तर दोन्ही आसांचे लॉक कारखान्यातूनच घेऊन येते. रस्त्यावर धड चालणारं, चढ चढणारं, नाला ओलांडणारं यंत्र आपण बनवतो आणि त्यावर झोळी ठेवायची कुणाला सुचत नाही. ही लाज एकट्या पोरांची नाही. ज्यांच्या हातात गाड्या खरेदी करायचा अधिकार आहे त्यांची ती आधी आहे.

कुणी म्हणेल, गाड्या कशाला, रस्तेच करा. अगदी बरोबर. त्यासाठीही कायदा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे रस्ता, शाळा, दवाखाना अशा १३ सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन देता येते, दर कामाला एक हेक्टरच्या आत आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता. पण ग्रामसभेचा ठराव, मग अर्ज, मग नकाशा, मग त्रुटी, मग पुन्हा अर्ज... या फेऱ्यांत पावसाळे निघून जातात. पाड्यावरचा माणूस आपल्याच घरी जायचा रस्ता मागायला कागद घेऊन फिरतो, आणि मोठ्या चाकाची गाडी कुणाला न विचारता नाल्यातून वर जाते. जंगलाचा कायदा कोणाला आडवा येतो आणि कोणाला येत नाही, हे यातून उघड दिसतं. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची.

शिवाय रस्ता होईपर्यंतचे पावसाळे कुणी थांबवून ठेवणार आहे का? नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांसाठी नंदुरबार जिल्ह्यात तरंगता दवाखाना चालवला गेला. मुंबईत २०१७ साली मोटारसायकल रुग्णवाहिका आल्या आणि नंतर त्या मेळघाटातही गेल्या. जशी वाट तसं वाहन, हे तिथे कुणाला तरी सुचलं. मग सातपुड्याच्या पायथ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला एक खरीखुरी फोर बाय फोर, आत स्ट्रेचर बसणारी, लॉक असलेली गाडी का नको? मोठे टायर लागतीलच तर कंपनीकडून बसवून, मंजुरी घेऊन, रीतसर लावा. तिथे त्या एका इंचालाही किंमत येईल.

तेव्हा माझ्या माजी विद्यार्थ्यांनो, तुम्हाला टेस्टिंगच करायचं आहे ना? मग असं करा. पाच-सहा जण मिळून तहसीलदारांकडे जा आणि आपत्तीच्या वेळी बोलावण्यासाठी तुमची नावं आणि गाड्यांचे नंबर लिहून द्या. गाड्यांचे टायर आधी कायद्याच्या मापात आणा. उन्हाळ्यातच आरोग्य केंद्राच्या लोकांना आणि पाड्यावरच्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन, वनखात्याची परवानगी काढून, आहे त्याच वाटेने एकदा वर जाऊन या. नवी वाट पाडायची नाही. कुठला नाला किती पाण्याला बंद होतो, कुठल्या चढावर लो गिअर लागतो, कुठे हवा कमी करावी लागते, कुठपर्यंत गाडी जाते आणि तिथून झोळी किती अंतर उरते, हे सगळं वहीत लिहा. मग पावसाळ्यात रात्री दोन वाजता फोन आला तर ती वही उपयोगी पडेल. आणि जिथे गाडी जाऊ शकत नाही तिथे ती घालायची नाही, हेही त्या वहीत लिहिलेलं असेल. नको तिथे न जाणं हीसुद्धा चालवणाऱ्याची परीक्षाच आहे, आणि ट्रॅक्टर चालवणारा प्रत्येक बाप ती दर वर्षी देतो.

हे केलंत तर तुमच्या गाडीच्या चाकाला मी स्वतः नारळ फोडीन. नाही केलंत तरी तुमची गाडी तुमची, पैसे तुमचे. फक्त नाल्यात उतरू नका, आणि त्याला परीक्षा म्हणू नका.

कुणी म्हणेल, म्हातारपणी मास्तरांना पोरांची मजा बघवत नाही. म्हणा. मला मजा पुष्कळ बघवते. झोळी बघवत नाही.